माझा नसलेला अंगठा

माहूरच्या गडावर जी केवळ मुखरूपाने विराजते, जिचे मस्तक पतीच्या आज्ञेने आणि पोटच्या पुत्राच्या हाताने धडावेगळे झाले, त्या आमच्या कुलस्वामिनीला प्रथम नमस्कार. साठ वर्षे तिच्यापुढे उभी राहून मी सहनशक्ती मागत आले. आज शब्द मागते. सहनशक्ती पुष्कळ झाली.

निमित्त सांगते. गेल्या माघात लातूरला माझ्या यजमानांचे सहस्रचंद्रदर्शन झाले. मनुष्य ऐंशी वर्षे आणि वर काही महिने जगला की त्याने हजार पौर्णिमांचे चंद्र पाहिले असे मानून ही शांत करतात. पत्नी हयात असेल तर ती त्याच्या उजव्या हाताला बसते. मीही बसले होते. संकल्प चालू असताना मी पाटावरून उठले आणि परत बसले नाही. जमलेल्या पाहुण्यांना सांगण्यात आले की आजींना चक्कर आली. नांदेडला घरी परतलो तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंतही हेच पोहोचलेले होते. आता तर खुद्द यजमान माझ्यादेखत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "वय झालं हो, तिला भान राहत नाही."

मला चक्कर आली नव्हती. समोरच्या कलशावरची आंब्याची पाने पाच होती आणि त्यातले एक किडलेले होते, हेसुद्धा मला दिसत होते. माझ्या नावावर एकदा खोटे लिहिले गेले आहे. त्याने माझे मूल गेले. दुसऱ्यांदा माझ्या नावावर खोटे राहू द्यायचे नाही, म्हणून स्वहस्ते लिहीत आहे.

माझे वडील देगलूरच्या बाजूच्या एका गावी संस्कृत पाठशाळा चालवीत. देवळाच्या सभामंडपात आठ-दहा विद्यार्थी बसत. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कानडी, परंतु शब्दरूपे सगळ्यांची एकच. मी खांबाआड बसून ऐके. एके दिवशी एका मुलाचे रूप चुकले आणि खांबाआडून मी ते दुरुस्त केले. वडील रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी वेगळी चटई पडली. अठराव्या वर्षापर्यंत त्या चटईवर मी व्याकरण शिकले, काव्य शिकले, आणि पुढे पूजाविधीचे ग्रंथही शिकले. माझे अक्षर इतके वळणदार होते की वडिलांच्या जुन्या पोथ्यांच्या नकला मीच करून देई. हे बढाईसाठी सांगत नाही. मला लिहिता येत होते, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

अठराव्या वर्षी मला रेणापूरच्या घरी दिले. यजमान अहमदपूरला तहसील कचेरीत कारकून होते. शनिवारी एस.टी.ने येत आणि सोमवारी पहाटे जात. घरात सासूबाईंचा शब्द चाले. थोरले दीर आणि जाऊबाई लातूरला राहत. तिथे त्यांचे कापडाचे दुकान होते.

लग्नानंतरच्या पहिल्याच पूजेत गुरुजींनी संकल्पात महिना चुकीचा म्हटला. चैत्र चालू होता आणि ते वैशाख म्हणाले. मी हळूच म्हटले, "गुरुजी, चैत्र." गुरुजींनी खाकरून चैत्र म्हटले आणि पूजा पार पडली. पाहुणे गेल्यावर सासूबाईंनी मला देवघरापाशी बोलावले.

"सूनबाई, तुझ्या वडलांनी तुला लई शिकवलं, ऐकून होते मी. पण एक राहून गेलं. पूजेत बाईनं हात लावायचा असतो, जीभ नाही."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. पती संकल्प करतो, दान देतो, आहुती देतो. पत्नीने त्याच्या उजव्या हाताला आपला हात लावायचा. तेवढ्याने तिची संमती आहे असे धरले जाते आणि पुण्याचा अर्धा वाटा तिच्याकडे जातो. मला हा विधी तेव्हा सुंदर वाटे. दोघांनी मिळून एक कर्म करावे, एकाने म्हणावे आणि दुसऱ्याने स्पर्शाने होकार द्यावा, यात मला कमीपणा दिसला नव्हता. ज्या होकाराला नकाराची सोयच नाही त्याला होकार का म्हणावे, हा प्रश्न मला त्या वयात सुचला नाही. व्याकरणात इतकी वर्षे घालवून एवढा साधा प्रश्न सुचू नये, याचा आज स्वतःवर संताप येतो.

मला आधी मुलगी झाली आणि दोन वर्षांनी मुलगा झाला.

थोरल्या जाऊबाईंच्या लग्नाला तोवर नऊ वर्षे झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. त्यांना काय काय ऐकावे लागे ते मी ऐकले आहे. हळदीकुंकवाला त्यांची ओटी शेवटी भरली जाई. म्हणून मी त्यांच्यावर रागावू शकले नाही. माझ्या रागाच्या वाटणीत त्यांचा वाटा सर्वांत थोडा आहे.

मुलगा चौदा महिन्यांचा असताना एका रविवारी यजमान जेवायला बसले आणि पहिली पोळी संपल्यावर म्हणाले, "आईनं ठरवलंय. बाळाला दादा-वहिनींच्या मांडीवर द्यायचं."

मला वाटले, देवदर्शनाला नेताना मांडीवर द्यायचे असेल. मी विचारले, "कधीपर्यंत?"

"अगं, दत्तक."

मी तव्यावरची पोळी उलटायची विसरले. ती जळल्याचा वास आला तेव्हा ते म्हणाले, "पोळी बघ."

"मला विचारलं नाहीत."

"आता सांगतोय ना. दादांनी मला शिकवलं, नोकरीला लावलं. त्यांच्या घरात दिवा लावायला कोणी नको का?"

"मग एखादं पोरकं लेकरू आणावं. पुण्य लागेल."

"परक्याचं रक्त?"

"मीही परक्याचंच रक्त. मला आणलंत की."

"शब्दात तुला कोण हरवणार?" ते म्हणाले. "भाजी वाढ."

एकुलता एक मुलगा दत्तक देऊ नये असे शास्त्र सांगते. मी ते सासूबाईंना सांगितले. त्यांनी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, भावाभावांत दिला तर दोष नाही, घराण्यातच राहतो. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ, आहे की नाही वाट? आणि एक गेला तर दुसरा होईल. कूस चांगलीय तुझी." माझी कूस म्हणजे परसातले लिंबाचे झाड होते; शेजाऱ्यांना हवी तेव्हा लिंबे तोडून द्यावीत.

मी वडिलांना पत्र लिहिले. उत्तर आले की मी त्या दिवशी येतो. त्या एका ओळीवर मी तीन आठवडे काढले. वडील येतील, सभेत उभे राहतील आणि सांगतील की हे होणे नाही. दुसरा कोणताही आधार मला नव्हता.

लातूरला दिरांच्या घरी विधी झाला. वडील आले. त्यांना विद्वान म्हणून समोरचा पाट दिला, खांद्यावर शाल घातली. मला त्यांच्याशी एकांतात बोलता आले नाही. बाईने बाहेर येऊन पाहुण्यांत बोलायचे नसते आणि आत ते येऊ शकत नव्हते. अग्नी पेटला. माझ्या मांडीवरचे मूल यजमानांनी उचलून घेतले. ते त्यांच्या जानव्याशी खेळत होते, दोरा ओढून हसत होते. गुरुजी म्हणाले, "मुलाच्या आईनं हात लावावा."

मी दोन्ही हात पदराखाली घट्ट धरले.

गुरुजी पुन्हा म्हणाले. यजमान माझ्याकडे न बघता पुटपुटले, "लाव ना, लोक बघून राहिलेत."

मी वडिलांकडे पाहिले. ते डोळे मिटून मंत्र मनात म्हणत होते. गुरुजींचा स्वर कुठे चुकतो का याकडे त्यांचे लक्ष होते. मागे बसलेल्या सासूबाई पुढे वाकल्या, त्यांनी माझे मनगट पदराखालून ओढून काढले आणि यजमानांच्या कोपरावर ठेवून वरून दाबून धरले. कानाशी म्हणाल्या, "पहिल्यांदा जड जातं पोरी. होतं सवयीनं." गुरुजींनी ते मनगट पाहिले आणि त्यांचे डोळे पोथीवर उतरले. पुढचा मंत्र मला पाठ होता. त्याचा अर्थही मला कळत होता. त्या मांडवात तो अर्थ कळणारी माणसे तीन होती: गुरुजी, वडील आणि मी. यजमानांनी मूल दिरांच्या मांडीवर दिले आणि स्वीकाराची खूण म्हणून दिरांनी त्याचे मस्तक हुंगले. मूल रडू लागले आणि माझे दूध सुटून चोळी भिजली.

मी पाणी पिते म्हणून आत गेले. तिथे फरशीवर किती वेळ बसले ते आठवत नाही. बाहेर येईपर्यंत सगळे संपले होते. एक कागदपत्र झाले असे नंतर कानावर आले. बायकांना कागद दाखवण्याची रीत नव्हती, म्हणून मीही मागितला नाही.

रेणापूरला परतल्यावर माझी छाती दगडासारखी झाली आणि ताप चढला. समोरच्या शेतकऱ्याच्या घरची एक बाई आमच्याकडे दूध घालायला येई. तिने मोगऱ्याची ओंजळभर फुले आणली आणि ती फडक्यात घेऊन माझ्या छातीवर आवळून बांधली. दूध आटवण्याचा हा आमच्याकडचा उपाय. बांधता बांधता ती बोलत होती.

"वैनी, गाईचं वासरू दुसऱ्याच्या दावणीला बांधायचं असलं तरी मालक आदी तिच्याम्होरं पेंड ठिवतो. तुमाला काय दिलं ह्यांनी?"

"साडी दिली," मी म्हटले.

"कसली?"

"सुती. हिरवी."

"ती बी सुती," ती म्हणाली आणि गाठ मारली. आम्ही दोघीही हसलो. त्या दुःखात मला हसवणारी ती एकटी बाई. दुसऱ्या दिवशी मी ती साडी तिलाच दिली. मोगरा मात्र त्यानंतर मी देवालासुद्धा वाहिलेला नाही.

वर्षाने माहेरी गेले. वडील सभामंडपात एकटे बसलेले असताना मी त्यांना विचारले, "तुम्ही का बोलला नाहीत?"

त्यांना माझा प्रश्न कळेना. म्हणाले, "बाळ, तुझं पत्र आलं म्हणून मी आलो. पण तिथं तू हात लावलास. मी डोळे उघडले तेव्हा तुझा हात त्यांच्या हातावर होता. मला वाटलं, तुझं मन वळलं."

"माझ्या हातावर अजून एक हात होता."

वडिलांनी समोरची पोथी मिटली. मग म्हणाले, "माझं लक्ष स्वराकडे होतं."

त्यांच्यावर माझे अपार प्रेम होते, आहे. त्यांनी दिलेली विद्या नसती तर हे चार शब्द मला लिहिता आले नसते. परंतु ज्या विद्येला स्वराची चूक ऐकू येते आणि समोर बसलेल्या लेकीचे मनगट दिसत नाही, त्या विद्येवर मी रागावलेली आहे. आजही रोज सकाळी पाठ म्हणताना मध्येच थांबून डोळे उघडते आणि घरात कोण काय करते आहे ते पाहून घेते.

मुलाला मला काकू म्हणायला शिकवण्यात आले. सणासुदीला लातूरला जाणे होई, तेव्हा मी त्याला दुरून पाही. सासूबाईंची नजर माझ्यावर असे. माझी दुसरी मुलगी झाली तेव्हा त्यांनी तोंड फिरवले, म्हणाल्या, पुढच्या खेपेला. परंतु पुढची खेप आली नाही. सरकारने नसबंदीची सक्ती केली, त्यात कारकुनांच्या नोकऱ्यांवर बेतले आणि एका दुपारी यजमान शस्त्रक्रिया करून घरी आले. दुसरा होईल म्हणणाऱ्या सासूबाईंनी त्या दिवशी सरकारला पोटभर शिव्या दिल्या. मला काही बोलल्या नाहीत. खरे सांगायचे तर त्या दिवशी मी गुळाचा शिरा केला होता.

मुलाच्या मुंजीत मला वाढपाचे काम होते. मुंजीच्या दिवशी मातृभोजन असते. मुलगा आईच्या ताटात शेवटचा जेवतो, पुढे तो ब्रह्मचारी होतो. ताटावर जाऊबाई बसल्या होत्या. मी तूप वाढायला वाकले. आठ वर्षांचा तो, डोक्याचा नुकताच गोटा झालेला, मला म्हणाला, "काकू, तुम्हीच भरवा ना. आईचा घास लई मोठा असतो, तोंडात मावत नाही."

बायका हसल्या. जाऊबाईही हसल्या, पण त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हातातला घास ताटात ठेवून त्या जराशा सरकल्या. एका माणसापुरती जागा झाली. तेवढ्यात दारातून सासूबाई म्हणाल्या, "काकूला पंगत वाढायचीय. चल गं, तूप गार होऊन राहिलं." मी पंगत वाढली.

आता यजमानांविषयी. त्यांनी मला कधी मारले नाही. शिवी दिली नाही. दारूचा थेंब घेतला नाही. अहमदपूर, देगलूर, नांदेड, जिथे बदली झाली तिथे त्यांची सज्जन म्हणून ख्याती झाली. माझा सर्वांत मोठा राग या सज्जनपणावर आहे. मी मुलाचे नाव काढले की ते म्हणत, "झालं ते झालं." मुलाला पाहायला लातूरला जाते म्हटले की म्हणत, "कशाला जुनी जखम?" जखम माझी होती आणि ती जुनी झाली की नाही हे ते ठरवीत. मुलगा शिकायला औरंगाबादच्या वसतिगृहात होता तेव्हा मी काकू म्हणून त्याला पत्रे लिहीत असे. खुशाली, हवापाणी, परीक्षेला शुभेच्छा. यजमान प्रत्येक पत्र वाचून पाहत, घडी घालत आणि टपालात टाकत. एका वाक्यातसुद्धा त्यांना आक्षेपार्ह काही सापडले नाही. इतकी मी तरबेज झाले होते.

सासूबाई गेल्या, दीर गेले. गेल्या वर्षी जाऊबाई गेल्या. शेवटच्या आजारात त्यांनी मुलाला सांगितले, "पेटीत एक कागद आहे. तो वाच आणि काकूला विचार."

तो दिवाळीनंतर एकटाच नांदेडला आला. यजमान देवळात गेले होते. पंचावन्न वर्षांचा माणूस, केस पांढरे झालेले. माझ्यासमोर खुर्चीच्या टोकाला बसला आणि त्याने कागद पुढे केला. दत्तकपत्र होते. त्या वेळी नवा कायदा होऊन काही वर्षे झाली होती आणि मूल देताना आईची संमती लागते असे त्यात होते. म्हणून यजमानांच्या सहीखाली आईची संमती होती. माझे नाव, आणि त्यापुढे एक निळसर अंगठा.

"काकू, हा तुमचा अंगठा आहे का?"

मी कागद चष्म्यासमोर धरून बसले. तो पुढे म्हणाला, "वसतिगृहात तुमची पत्रं यायची. अक्षर बघून पोरं विचारायची, तुझी काकू मास्तरीण आहे का. आणि इथं अंगठा? आठ दिवस झाले, मी हाच विचार करून राहिलोय."

त्यांना खोटी सहीदेखील करावी लागली नव्हती. त्या घराला सून म्हणजे अंगठा, एवढेच माहीत होते. पोथ्यांच्या नकला करणारी मुलगी त्यांनी घरात आणली आणि पाच वर्षांत तिला लिहिता येते हे विसरून गेले. लबाडी करतानासुद्धा माझी आठवण ठेवण्याची तसदी त्यांनी घेतली नाही.

"माझा नाही," मी म्हटले. "मी आयुष्यात अंगठा दिलेला नाही."

"म्हणजे तुम्ही मला दिलं नाही."

"नाही."

त्याने कागदाची घडी केली, पुन्हा उघडली. त्याने विचारले, "मग परत का नाही नेलंत?"

तो ओरडला नाही. आवाज माझ्याच घराण्याचा, हळू. मी त्याला मनगटाची गोष्ट सांगितली. वडिलांची सांगितली. शेवटी म्हटले, "मला सगळं शिकवलं होतं रे. हात मागे घ्यायला कुणी शिकवलं नाही."

"हे उत्तर झालं का, काकू?"

"नाही झालं," मी म्हटले.

तो चहा न घेता उठला. दारात थांबून म्हणाला, "काकांची शांत लातूरला आपल्या घरीच करायची ठरलीय. तुम्ही येताय ना?" मी हो म्हटले.

समारंभाचा दिवस. तेच घर, तोच चौक. जमीन तेवढी नव्या फरशीची. एक्याऐंशी दिव्यांचे तबक मांडून ठेवलेले. यजमान नवे सोवळे नेसून बसले होते, तृप्त दिसत होते. मुलाच्या बायकोने माझ्यासाठी मोगऱ्याचा गजरा आणला, तो मी तिच्याच केसांत माळला. तरुण गुरुजींनी संकल्प सुरू केला. महिना, तिथी, वार, सगळे बिनचूक. मग मान वर करून आपुलकीने म्हणाले, "आजी, हात लावा."

माझा हात मांडीवर होता. या वेळी मागे कोणी बसलेले नव्हते.

"थांबा गुरुजी," मी म्हटले. "मला यांना एक विचारायचं आहे."

"आत्ता?" यजमान म्हणाले.

"आत्ताच. माझ्या नावापुढचा अंगठा कोणाचा?"

त्यांनी आधी मुलाकडे पाहिले. तो दिव्यांचे तबक धरून उभा होता आणि त्याने नजर हलवली नाही. "कुठला अंगठा? काय बोलून राहिलीस?"

"ज्यावर हा मुलगा गेला तो."

यजमानांच्या हातात दर्भाचे पवित्रक होते, ते त्यांनी बोटात फिरवले. मग म्हणाले, "आईचा."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तू आत जाऊन बसली होतीस. रडत होतीस. दोन मिनिटांचं काम होतं. तुला त्रास नको म्हणून..."

"शाई कोणी धरली?"

"मीच," ते म्हणाले. "दुसरं कोण धरणार?"

"मला लिहिता येत होतं."

"आईच्या ध्यानात राहिलं नसेल."

"आणि तुमच्या?"

त्यांनी गुरुजींना पुढचे सुरू करा अशी खूण केली. हजार पौर्णिमा पाहिलेला माणूस त्या एका दुपारकडे पाहायला तयार नव्हता. मी गुडघ्यावर हात टेकून उठले. उठायला वेळ लागला, कुणी मदतीला आले नाही. गुरुजी गोंधळले, विचारू लागले की आता काय करायचे. नणंदेचा मुलगा म्हणाला, "पत्नी नसली तर सुपारी ठेवतात ना?" आणि माझ्या पाटावर सुपारी ठेवून शांत पूर्ण करण्यात आली. शास्त्रात ही सोय आहे, मला ठाऊक आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की गेली साठ वर्षे त्या पाटावर सुपारीच होती. त्या दिवशी फक्त ती उघड दिसली.

मी मागच्या पडवीत जाऊन बसले. आतून मंत्र ऐकू येत होते आणि मी सवयीने ते म्हणत होते, देवाशी माझे भांडण नाही. पंगती उठल्यावर मुलगा एक ताट घेऊन आला आणि माझ्यासमोर खाली बसला. पुरणपोळी, कटाची आमटी, तूप.

"जेवा काकू."

पंचावन्न वर्षांची जीभ एका दिवसात वळत नाही. मला वाटले होते, आज तो दुसरी हाक मारील. नाही मारली. त्याचाही मला राग आला, आणि तो मी गिळला नाही, त्याला सांगितला. म्हटले, "काकू म्हणू नकोस असं म्हणत नाही. पण ऐकताना मला चीड येते, एवढं ठाऊक असू दे."

"असू दे," तो म्हणाला. "मलाही तुमची चीड आलेली आहे. तुम्ही पत्रांत हवापाणी लिहायचात."

मी पोळीचा घास मोडला. त्याने माझ्याच ताटात हात घातला आणि खाली बघत म्हणाला, "घास लहान करा. मोठा मावत नाही."

आम्ही एका ताटात जेवलो. निघताना त्याने तो कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "यावर तुम्ही काय ते लिहून द्या. तुमच्या अक्षरात. माझ्या पोरांना वाचायचं आहे."

ते हे लिहिले. मूळ प्रत दत्तकपत्राला टाचून त्याच्याकडे धाडत आहे. खाली सही केली आहे. यजमान शेजारच्या खोलीत आहेत. त्यांचे पथ्यपाणी वेळेवर होते, त्यात कमी नाही. परंतु ते देवासमोर बसले की माझा हात माझ्याकडे असतो.

वाचणाऱ्या, तुझ्या घरी जगदंबा सुखाने नांदो. तुझ्या देवघरातला दिवा तेवत राहो, लेकरे आपल्या आईच्या ताटात पोट भरून जेवोत. तुझ्या घरातली बाई जेव्हा केव्हा हात पुढे करील तेव्हा तो तिच्याच मनाने पुढे होवो, आणि तिने तो मागे घेतला तर मागून कुणी तिचे मनगट न धरो. शुभं भवतु.